खराट्यासाठी हिरवी झावळी तोडू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गांधी जयंती जवळ आली की शाळा, ग्रामपंचायती, सोसायट्या स्वच्छता मोहिमेसाठी हिराचे, म्हणजे माडाच्या पातीतल्या कडक शिरेचे, खराटे घेतात. घेताना पांढऱ्या, लवचिक हिरांचा खराटा आधी उचलला जातो. तो रंग हिरव्या झावळीचा असतो आणि माडाला तो महाग पडतो. माडाच्या पानाच्या बेचक्यात पोय, म्हणजे फुलोरा, येते, पुढे नारळाच्या पेंडीला त्याच पानाचा आधार असतो. पान अकाली गेलं की उत्पन्न घटतं. शिवाय ताज्या घावाच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात आणि बाहेर लक्षण दिसेपर्यंत बहुतेक वेळा माड हातचा गेलेला असतो. हिरवी झावळी काढणं अगदीच भाग पडलं तर खोडापासून मीटर-सव्वा मीटर दांडा राखून तोडावी.

मुळात तोडायची गरजच नाही. चांगल्या वाढीचा माड महिन्याला साधारण एक झावळी आपणहून टाकतो. एका झावळीला दोनशेच्या वर पाती असतात आणि प्रत्येक पातीत एक हीर. वाडीत हे सगळं जाळलं जातं, याचं वाईट वाटतं.

गळलेली झावळी आठवड्याच्या आत उचलावी. पावसात भिजत पडली तर हीर काळे पडून कडाकड मोडतात. एक हीर काढून बुडाकडे कमान करून पाहा. तुटला तर ती झावळी माडाच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यात आच्छादनाला टाका. शेणखताच्या ढिगात मात्र कुजत ठेवू नका, तिथे माडावरची दुसरी कीड, गेंडा भुंगा, याची पैदास होते.

पाती दांड्यापासून सोडवून जाड बुडाकडून टोकाकडे सुरी चालवावी. टोकाकडून उलटी चालवली तर हीर मध्येच तुटतो. दोन्ही बाजूंचं पान गेल्यावर हीर खरवडून साफ करायचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथेच खराट्याचं आयुष्य ठरतं: चिकटून राहिलेलं पान ओल धरतं, बुरशी येते आणि झाडताना त्याचाच कचरा पडतो. मग दोन-तीन उन्हं द्यावीत. ओले हीर बांधले तर वाळल्यावर आक्रसतात आणि कितीही आवळलेली गाठ सैल पडते. बाजारातल्या हिरव्या हिरांच्या खराट्यातून पंधरवड्यात हीर गळू लागतात ते याचमुळे.

झावळीच्या मधल्या भागातले लांब हीर अंगणाच्या खराट्याला ठेवा. शेंड्याकडचे आणि बुडाकडचे तोकडे हीर फेकू नका, त्यांचा लहान हातखराटा होतो. ओटा, मोरी, तुळशीवृंदावन, चुलीपुढची राख यांना तोच सोयीचा. बाणवली माडाचे हीर लांब, ठेंगू माडाचे आखूड. हातखराट्याला दोन्ही चालतात.

दीडशे ते दोनशे हीर, म्हणजे मुठीत मावेल एवढी जुडी घ्या. सगळी बुडं एका बाजूला करून फरशीवर आपटा, म्हणजे ती समपातळीत येतील. बुडापासून चार बोटं सोडून काथ्याच्या दोरीचे पाच-सहा वेढे घट्ट आवळा. त्यापुढे आणखी चार बोटांवर दुसरं बांधण. एकाच बांधणावर जुडी फिरते. नायलॉनची दोरी गुळगुळीत, तिची गाठ सरकते. यानंतर अंगठ्याएवढ्या जाडीची, एका बाजूला टोकदार तासलेली वीतभर बांबूची पाचर बुडाच्या बरोबर मध्यावर ठेवून ठोकायची. ती आत जाईल तसे हीर दोरीवर दाबले जातात. पाचर तिरकी गेली तर एक बाजू ढिली राहते, फार जाड घेतली तर दोरीच तुटते. शेवटी टोकं बोटभरच छाटा. जास्त छाटली की जाड भाग खाली येतो, फरशीवर ओरखडे उठतात आणि बारीक धूळ मागे राहते. पुढे सैल वाटला तर पहिल्या पाचरीशेजारी एक बारीक पाचर ठोकली की पुरे.

घाऊक खरेदी करणाऱ्या संस्थांनी आपल्या मागणीपत्रात गळलेल्या झावळीचे तपकिरी हीर, दोन बांधणं आणि मध्ये पाचर एवढं स्पष्ट लिहावं. माल आल्यावर जुडी फाकवून आत पाहावं, कारण जाडी दाखवायला मध्ये तुकडे भरलेले असतात. मग मधला एक हीर चिमटीत धरून ओढावा. सहज निघून आला तर खराटा परत करावा.

– एक माडबागायतदार, वेंगुर्ले