पगारपत्रकाला निकाल जोडण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षकांचा पगार विद्यार्थ्यांच्या गुणांवर ठरवावा, अशी सूचना करणारी काही पत्रे अलीकडे आपल्या सदरात वाचली. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत ३१ वर्षे शिकवून मी निवृत्त झाले आहे, त्यामुळे या सूचनेने माझ्या निवृत्तिवेतनातला एक रुपयाही कमी-जास्त होणार नाही. तरीही लिहीत आहे, कारण ही कल्पना नवी असल्यासारखी मांडली जाते आणि ती नवी नाही.

तिचा मूळ पत्ता इंग्लंडचा. १८६२ साली तेथील सरकारने शाळांचे अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि निरीक्षकाने घेतलेल्या वाचन, लेखन, अंकगणिताच्या परीक्षेवर बेतले. मुलांना विषय न समजताही तयारीच्या जोरावर त्या परीक्षेतून पार करता येते, हे निरीक्षकांच्याच लक्षात आले आणि १८९० च्या दशकात ती पद्धत मोडीत निघाली. तोवर ती मुंबई इलाख्यातही आली होती आणि खासगी शाळांना अनुदान देताना निकाल पाहिला जात होता. ऑक्टोबर १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात या पद्धतीवर स्पष्ट मत आहे. गरीब आणि अशिक्षित समाजात शिक्षण पसरवायला ती मुळीच योग्य नाही, कारण त्या समाजात शिक्षणाची गोडी अजून निर्माण झालेली नाही आणि अशा लोकांत शाळा काढून कोणाही शिक्षकाचे पोट भरणार नाही, असे त्यांनी सांगितले. त्याच निवेदनात त्यांनी शिक्षकाला दरमहा किमान १२ रुपये आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये पगार मागितला आहे. शिक्षकांच्या कामाविषयी ते समाधानी होते असे मुळीच नाही, त्यांच्या पात्रतेवर त्यांनी कडक टीका केलेली आहे. पण त्यावर उपाय म्हणून त्यांनी मूळ पगार निकालाच्या खुंटीला टांगला नाही, जास्त मुले उत्तीर्ण करणाऱ्यांना पगाराखेरीज भत्ता द्यावा एवढेच सुचवले.

आता अलीकडचे. २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी यांना शाळेच्या प्रगतीची अट जोडण्यात आली. शाळा ‘प्रगत’ हवी आणि शाळासिद्धीत, म्हणजे शाळांच्या मूल्यमापनाच्या कार्यक्रमात, तिला ‘अ’ श्रेणी हवी. माध्यमिक शिक्षकांसाठी तर नववी-दहावीचा निकाल ८० टक्क्यांच्या वर हवा, असे ठरले. शिक्षक संघटनांनी विरोध केला, पुढे ही अट मागे घेतली गेली आणि वर्तमानपत्रांतील चर्चाही थांबली. मधल्या काळात वर्गात काय झाले, हे मात्र फारसे कोणी लिहिले नाही. ते मी पाहिले आहे आणि थोडेफार केलेही आहे.

माझी तेव्हाची शाळा बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर, दोन शिक्षकी. चौथीच्या पटावर तेवीस मुले. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या मुकादमाच्या गाड्या येत, उचल म्हणजे आगाऊ मजुरी घेतलेली कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या गावांकडे निघत आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी माझ्यासमोर नऊ मुले बसलेली असत. उरलेली चैत्रात, पाडव्याच्या मागेपुढे परत येत, तोवर दुसरी संकलित चाचणी तोंडावर आलेली असे. त्यांतली एक मुलगी मला अजून आठवते. पाच महिने उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे तिथल्या झोपडीत धाकट्या भावाला सांभाळून परतली होती. भागाकाराची मांडणी साफ विसरली होती. पण किती मोळ्यांचा एक टन भरतो आणि उचलीतून किती फिटले, हे तोंडी सांगताना तिला बोटे मोजावी लागत नव्हती. चाचणीत तिला चाळीसपैकी अकरा गुण मिळाले.

त्याच दिवसांत एका शाळेचे मुख्याध्यापक बैठकीनंतर चहा घेताना सहज म्हणाले, ‘बाई, कच्ची पोरं त्या दिवशी घरीच राहिली तर बरं असतं.’ गृहस्थ वाईट नव्हते. त्यांची चोवीस वर्षे नुकतीच भरली होती. मी त्यांना काही उत्तर दिले नाही. पुढच्या चाचणीला मात्र त्या मुलीला मी वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाच्या शेजारी बसवले आणि स्वतः खिडकीबाहेर पाहत उभी राहिले. तिला अठ्ठावीस गुण मिळाले. माझ्या नोंदवहीत तिची ‘प्रगती’ झाली. पुढच्या वर्षी पाचवीच्या शिक्षकांनी त्या अठ्ठावीस गुणांवर विश्वास ठेवून तिला भागाकार येतो असे धरले आणि पुढे शिकवू लागले. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

गुणांना पैसे जोडले की हेच होते, आणि त्यासाठी शिक्षक लबाडच असावा लागतो असे नाही. वर्गातील सर्वांत मागे पडलेले मूल, ज्याच्याजवळ शिक्षकाने सर्वांत अधिक वेळ बसायला हवे, तेच पगाराच्या आड येऊ लागते. पटाच्या बाबतीतही आपण हे पाहिले आहे. मुलांच्या संख्येवर शिक्षकांची पदे आणि अनुदान ठरत होते, म्हणून ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली तेव्हा लाखो विद्यार्थी केवळ हजेरीपटावरच सापडले. २०१० च्या सुमारास नांदेड जिल्ह्यात कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम प्रशासनाने खरोखर राबवली, तर निकाल एकदम घसरला. त्याआधीचे टक्के शिक्षकांचे होते, मुलांचे होते की परीक्षा केंद्राबाहेरील भिंतीचे होते?

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. २००५ पासून काही वर्षे आंध्र प्रदेशातील ग्रामीण सरकारी शाळांत याच विषयावर मोठा प्रयोग झाला. एकूण पाचशे शाळांचा तो अभ्यास होता. त्यांतील काही शाळांत मुलांच्या गुणांतील वाढीनुसार शिक्षकांना बोनस मिळाला आणि तेथील मुलांचे गणित व भाषा इतर शाळांपेक्षा सुधारले, बोनस न लावलेल्या विषयांतही गुण वाढले. ही गोष्ट शिक्षक संघटना सहसा सांगत नाहीत, सांगायला हवी. मात्र त्या प्रयोगात मूळ पगाराला हात लावलेला नव्हता, बोनस लहान होता, आधीच्या चाचणीपासून झालेली वाढ मोजली होती आणि परीक्षा बाहेरच्या माणसांनी घेतली होती. आपल्याकडे प्रश्नपत्रिका वाटणारे, पर्यवेक्षण करणारे, तपासणारे आणि ऑनलाइन गुण भरणारे हात बहुधा एकच असतात. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातील शाळांत २००७ ते २०१० या काळात अशी बक्षीस योजना चालली, तिचा मुलांच्या गुणांवर परिणाम आढळला नाही म्हणून ती बंद झाली. अटलांटात गुणांचे दडपण आणि बक्षिसे यांपायी शिक्षक आणि मुख्याध्यापकांनी उत्तरपत्रिकांतील उत्तरे खोडून बदलली, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये अकरा जण दोषी ठरले.

काम न करणारे शिक्षक आहेत, हे मला कोणी सांगायला नको. मुख्यालयी राहत असल्याचा दाखला जोडून घरभाडे उचलणारे आणि तालुक्याहून ये-जा करत दुपारच्या गाडीची वाट पाहणारे सहकारी मीही पाहिले आहेत. पण शिक्षक शाळेत हजर होता की नाही, वर्ग घेतला की नाही, वह्या तपासल्या की नाही, या गोष्टी त्याच्या स्वतःच्या हातातल्या आहेत आणि त्यांवर कारवाई करण्याची तरतूद सेवानियमांत आजही आहे. ती वापरायची तर अधिकाऱ्याला शाळेत यावे लागते. माझ्या अखेरच्या काही वर्षांत आमच्या केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, पूर्णवेळ केंद्रप्रमुखच नव्हते, शेजारच्या केंद्राच्या केंद्रप्रमुखांकडे कार्यभार होता आणि माझा गोपनीय अहवाल ज्यांनी लिहिला त्यांनी माझा एकही तास पाहिलेला नव्हता. त्यातच मतदार याद्या, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब आणि दर आठवड्याला नवे ॲप. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज इतर कामे शिक्षकांना देऊ नयेत असे म्हटले आहे. निवडणूक या एका शब्दात किती दिवस मावतात, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून घरोघर फिरलेल्यांना विचारावे.

चाचण्या घ्याव्यात, जरूर घ्याव्यात. त्या दुसऱ्या तालुक्यातील शिक्षकांनी घ्याव्यात, गुण शाळेला आणि पालकांना कळवावेत, ज्या शाळेत मुले मागे पडली तेथे जादा शिक्षक आणि साहित्य आधी पोहोचवावे, आणि ते गुण पगार काढणाऱ्या टेबलापर्यंत जाऊ नयेत. ऊसतोडीच्या पट्ट्यात मागे राहणाऱ्या मुलांची गावातच जेवणाची सोय करणाऱ्या हंगामी वसतिगृहांची मंजुरी दिवाळीनंतर न येता सप्टेंबरातच यावी, म्हणजे मुलगी आजीकडे ठेवून जाता येईल की फडावर न्यावी लागेल, हे तिच्या आईला उचल घेण्याआधी ठरवता येईल. मला वाटते, माझ्या तेवीस मुलांच्या गुणांत याने जेवढा फरक पडला असता, तेवढा माझी निवडश्रेणी अडवून पडला नसता.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
जि. बीड