तात्पर्याची चौकट काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या अद्भुतकथा मुलांना अजून का आवडतात, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. कल्पनाशक्तीला चालना, शब्दसंग्रहात भर वगैरे कारणं त्यात आहेत. ती खोटी नाहीत. पण शब्दसंग्रह वाढावा म्हणून कुठलंही मूल पुस्तक उशाशी घेऊन झोपत नाही.

माझ्या मते ही पुस्तकं टिकली, कारण त्यांना शिकवायची खोड नाही. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’च घ्या. ४ जुलै १८६२ रोजी ऑक्सफर्डमधले गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन, म्हणजे लुईस कॅरल, तीन बहिणींना नावेतून फिरायला घेऊन गेले आणि जाता जाता गोष्ट रचत राहिले. मधलीने, दहा वर्षांच्या अ‍ॅलिसने, ती लिहून द्यायचा हट्ट धरला. पुस्तक १८६५ साली निघालं. त्या काळच्या इंग्रज मुलांकडून आयझॅक वॉट्सची उद्योगी मधमाशीवरची कविता घोकून घेत, आळस वाईट हे ठसावं म्हणून. सशाच्या बिळात पडलेली अ‍ॅलिस तीच म्हणायला जाते, तर तोंडातून निघते मगर, गोड हसून माशांना जबड्यात बोलावणारी. मधमाशी आज कुणाला आठवत नाही, मगर ठणठणीत आहे. त्याच पुस्तकातल्या डचेसबाईंना दिसेल त्यात तात्पर्य सापडतं. (अशी एक डचेस घरोघरी असते. आमच्याकडे बहुधा मीच.)

माझ्या सात वर्षांच्या नातीला ‘पिनोकिओ’ या बोलक्या लाकडी बाहुल्याच्या गोष्टीची संक्षिप्त आवृत्ती भेट मिळाली. चित्रं सुरेख, पण उपदेश करणारा रातकिडा तीत दोन शब्द सुनावून गुपचूप निघून जातो. शेवटच्या पानावर रंगीत चौकट : ‘या गोष्टीतून आपण काय शिकलो?’ नातीने विचारलं, “आजी, हे सोडवून दाखवायचं असतं का?”

मग मी पूर्ण इंग्रजी पुस्तक मिळवलं आणि रोज रात्री मराठीत सांगू लागले. मुळात पिनोकिओ रातकिड्याला हातोडा फेकून मारतो आणि तो बिचारा भिंतीला चिकटूनच राहतो. मी थांबले. पांघरूण नाकापर्यंत गेलं होतं. “मेला?” मेला. “परत सांग.” पुढे त्याचं भूत येतं म्हटल्यावर झोप कुणाला!

मूळ इटालियन लेखक कोलोदीने ही कथा १८८१ मध्ये मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः लिहायला घेतली आणि पंधराव्या प्रकरणात पिनोकिओला चक्क झाडाला फाशी देऊन संपवलीही. ती पुढे सुरू झाली आणि १८८३ मध्ये पुस्तक झालं, त्यात साप्ताहिकाच्या संपादकांच्या आग्रहाचा वाटा होता. संपादकांनी मनावर घेतलं तर लाकडी बाहुलाही जिवंत होतो, एवढंच नमूद करते.

मुलांच्या पारखीवर विश्वास ठेवावा, हे एका प्रकाशकालाही उमगलं होतं. स्टॅन्ली अनविन यांनी टोल्किनच्या ‘हॉबिट’चं हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला वाचायला दिलं. मेहनताना एक शिलिंग. पुस्तक पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना आवडेल, असा अभिप्राय त्याने दिला (स्वतः दहाचा ना!). १९३७ साली ते छापलं गेलं.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. ‘पीटर पॅन’मधलं अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं चित्रण आज वाचताना जीभ अडखळते. तिथे थांबून मुलांशी बोलावं लागतं, आणि बोलता येतं. गुपचूप कात्री लावली की तीही सोय उरत नाही.

प्रकाशकांना विनंती एवढीच, की पुस्तक लहान करायचंच असेल तर वर्णनं कापा, हातोडा ठेवा. आणि ती चौकट काढून पान कोरं सोडा. आमच्या प्रतीत नातीने चौकटीवरच हातोडा काढलाय, शेजारी रातकिड्याचं भूत. ते हसतंय.

आपली,
एक वाचक आजी