रेघ अजून सरळ आहे, काका

प्रिय काका,

तुम्ही पत्रं वाचत नाही हे मला ठाऊक आहे. चष्मा सापडेपर्यंत तुमचा वाचायचा उत्साह मावळलेला असतो. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोरच ठेवतोय. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल, आणि मान मोडलेली एखादी गिटार ज्यांच्या पलंगाखाली पडून असेल त्यांच्याही ते कामी येईल.

गिटार पडली ती माझ्याच निष्काळजीपणामुळे. स्टँड हाताशी असूनही 'दोन मिनिटांत येतो' म्हणून ती खुर्चीला टेकवून गेलो, आणि परत येताना केबल पायात अडकली. आवाज तसा फार झालाच नाही. एक बारीकसा 'टक्' एवढाच. उचलून बघतो तर तारा सैल पडलेल्या आणि हेडस्टॉक, म्हणजे मानेच्या टोकाचा खुंट्यांचा भाग, पुढे तारांवर झुकलेला. समोरच्या बाजूच्या काळ्या पातळ पापुद्र्यावर तो कसाबसा लटकून राहिला होता. नटच्या (तारा जिच्या खाचांतून हेडस्टॉककडे जातात त्या पट्टीच्या) मागे, बरोबर गळ्याशी, मान तुटली होती.

गिटार साठच्या दशकातली, जपानी. तेव्हाही ती स्वस्तातलीच म्हणायची. मागच्या पत्र्यावर 'मेड इन जपान' असा ठसा आहे, पण कंपनीच्या नावाची पट्टी माझ्याकडे येण्याआधीच कुठेतरी गळून गेली. त्या काळात एकाच कारखान्यातल्या गिटारी वेगवेगळ्या नावांनी बाहेरदेशी विकल्या जायच्या, त्यामुळे हिचं कूळ शोधायच्या भानगडीत मी कधी पडलो नाही. गरजेपेक्षा जास्त स्विच, आणि तारांचा कंप पकडणारे पिकअप असे की अंगावर नुसती टकटक केली तरी ती अ‍ॅम्प्लिफायरमधून ऐकू येते. मला ती तशीच आवडते.

'नवीन नेक (मान) बसव, चार स्क्रूंचं तर काम आहे,' असं बऱ्याच जणांनी सुचवलं. स्क्रू चारच आहेत हे खरं. पण या जुन्या गिटारींची मापं आजच्या कुठल्याच मापात बसत नाहीत. नेक बसायची खाच अरुंद, आणि नटपासून ब्रिजपर्यंतची (अंगावर तारा टेकतात तिथपर्यंतची) तारेची लांबीही वेगळी. बारावा फ्रेट (नेकवरची आडवी पट्टी) तारेच्या बरोबर मध्यावर यावा लागतो. दुसऱ्या लांबीची नेक लावली की ब्रिज हलवणं आलं, आणि तो हलवायला पुढे जागाच नसली तर सगळे सूर कायमचे बेसूर.

म्हणून मी स्वतःच डॉक्टरकी केली. चिमुकल्या ट्यूबमधला झटपट चिकटणारा गोंद तडीत ओतला, दहा मिनिटं हाताने दाबून धरलं आणि त्याच संध्याकाळी तारा चढवल्या. चौथी तार सुरात येतेय तोवर पुन्हा तोच 'टक्' ऐकू आला.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या एका हातात गिटार होती आणि दुसऱ्या हातात पॉलिश पेपर. तुटलेल्या तोंडावरचा गोंद घासून काढावा असा माझा बेत होता. तुमच्या तोंडून पहिला शब्द आला तो "थांब!" आणि पॉलिश पेपर तुम्ही हातातून काढूनच घेतलात. गिटार काय असते हे तुम्ही तोवर विचारलंही नव्हतं. आयुष्यभर दारं, खिडक्या आणि खुर्च्या केलेला माणूस; तुमची नजर थेट तुटलेल्या लाकडावर गेली. "हे तोंड जसं फाटलंय तसंच एकमेकांत बसतं. घासलंस की बसणार नाही. मग गोंद कितीही ओत." पुढचा प्रश्न होता, "ढलप्या ठेवल्यास का?"

ढलप्या मी झाडून टाकल्या होत्या. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं दाराकडे बघितलंत. मी घरी गेलो, कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला आणि दोनपैकी एक ढलपी सापडली. नखाएवढी असेल. ती तिच्या जागी ठेवली तेव्हा चीर अशी मिटली की बोटाला लागेना. लाकूड आपली जागा विसरत नाही हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. दुसरी ढलपी मिळाली नाही ती नाहीच. तिथे तुम्ही वेगळा तुकडा तासून बसवलात.

मान तिथेच का मोडते, हे तुम्ही मला काड्यापेटीतल्या काड्यांवर दाखवलंत. दहाबारा काड्यांची मोळी उभी धरली की ती वाकत नाही. तीच मोळी तिरकी कापली तर कापलेल्या टोकाशी प्रत्येक काडी आखूड होते, आणि तिला धरून ठेवणारं फारसं काही उरत नाही. नेक एका सरळ फळीतून काढतात आणि हेडस्टॉक मागे कललेला ठेवतात. रेषे मात्र सरळच जातात. त्यामुळे गळ्याशी ते आखूड पडतात. महागड्या गिटारीही यातून सुटलेल्या नाहीत. गिब्सन या अमेरिकन कंपनीच्या पन्नाशीच्या दशकातल्या गिटारींचा हेडस्टॉक १७ अंशांनी मागे कललेला असायचा, आणि त्यांच्या तुटलेल्या माना हा दुरुस्ती करणाऱ्यांचा रोजचाच विषय. फेंडर या दुसऱ्या कंपनीने हेडस्टॉक मागे कलवलाच नाही, त्यामुळे तिथे हे दुखणं क्वचितच दिसतं. माझ्या गिटारीत आणखी एक गंमत निघाली. नेकमधली लोखंडी पट्टी नटच्या अलीकडेच संपत होती, आणि तडा बरोबर तिच्या टोकापासून सुरू झाला होता. फिरवून नेकचा बाक काढता येईल अशा ट्रस रॉडचं पेटंट गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ मध्येच मिळालं होतं. पण माझ्या गिटारीला चाळीस वर्षांनंतरही एक मुकी पट्टी टाकूनच वाटेला लावलेलं.

मग माझी घाण उपसण्यात दोन दिवस गेले. अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेला कापूस, दात कोरायच्या काड्या आणि तुमचं "हळू, हळू". अ‍ॅसिटोन रंगही खातो, म्हणून कडेने चिकटपट्टी लावायला लावलीत. एवढं करूनही दोन ठिकाणी गोंद लाकडात मुरलेलाच राहिला.

सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा जुना गोंद, वापरायचा तुमचा फार मोह होता, खरं ना? तुमच्या डोळ्यांत दिसत होतं. भांड्यात भांडं ठेवून तो साठेक अंशांवर तापवायचा, जास्त तापला तर त्याचा जीव जातो, आणि भांड्यातून काढला की गार व्हायच्या आत सांधा बसला पाहिजे. शेवटी माझ्या हातांकडे बघून म्हणालात, "तुला नाही झेपायचा," आणि पिवळ्या वुड ग्लूची बाटली पुढे केलीत. अपमान वाटला, पण निर्णय बरोबर होता.

त्या बाटलीचं झाकण मात्र तुम्ही तासभर उघडू दिलं नाहीत. आधी कोरडी तालीम. मागच्या गोलाईवर बसेल असा लाकडी ठोकळा, त्याला आतून बुचाचं अस्तर, गोंदाने चिकटू नये म्हणून मेणकागद, दोन क्लॅम्प आणि सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी. सगळं लावायचं, काढायचं, पुन्हा लावायचं. घड्याळ लावून तुम्ही माझ्याकडून हे चार वेळा करून घेतलंत. पहिल्या वेळी सात मिनिटं लागली, चौथ्या वेळी अडीच. मनातून मी वैतागलो होतो. प्रत्यक्ष गोंद लागल्यावर मात्र दोन्ही तोंडं साबण लावल्यासारखी एकमेकांवरून घसरायला लागली, आणि हाताला सगळं पाठ नसतं तर मी तिथेच रडकुंडीला आलो असतो.

"पिळू नकोस," हे तुमचं दुसरं वाक्य. क्लॅम्प आवळता आवळता चिरेच्या कडेने गोंदाचे मोहरीएवढे थेंब रांगेत वर आले, तेव्हा तुम्ही माझ्या मनगटावर बोट ठेवलंत. यापुढे आवळलं असतं तर सगळा गोंद बाहेर आला असता आणि सांधा उपाशी राहिला असता. ओल्या फडक्याने थेंब पुसले आणि तीन दिवस हात लावायचा नाही असं ठरलं. बाटलीवर एक दिवस लिहिला होता. तुम्ही बाटलीवरचं वाचलंच नाहीत.

गोंद मुरलेल्या त्या दोन जागांवर तुमचा विश्वास नव्हता. म्हणून चौथ्या दिवशी पटाशी काढलीत. मागच्या बाजूने सांध्याच्या आरपार दोन खाचा, प्रत्येकी ६ मिलिमीटर रुंद आणि बोटाएवढ्या लांब, आणि त्यांत कठीण लाकडाच्या दोन पट्ट्या, रेषे नेकच्या दिशेने. आखूड पडलेल्या काड्यांना लांब काड्यांची साथ. पटाशीचं हे काम तुम्ही मला करू दिलं नाहीत. मी नुसता बघत बसलो. पातळ, कुरळे काप निघत होते आणि तुम्ही श्वास सोडताना हात थांबवत होतात. वर चपडी लाखेच्या पॉलिशचे पातळ हात मारलेत. रंग जुळवायच्या फंदात आपण पडलोच नाही.

त्यानंतर पेन्सिलीची ती रेघ. सांध्याच्या दोन्ही बाजूंना जाईल अशी एक बारीक रेघ तुम्ही ओढलीत. म्हणालात, सांधा एकदम सुटला तर कळतोच, पण ताणाखाली केसाएवढा सरकत राहिला तर कळत नाही. रेघेला पायरी पडली की समज. १० नंबरच्या सहा तारा मिळून साधारण ४५ किलोंचा ताण देतात हे सांगितल्यावर तुम्ही भुवया उंचावल्या होत्यात. म्हणून त्याहून बारीक तारांचा, ९ नंबरचा संच लावला, पहिला दिवस दोन सूर खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण सुरात आणला. सहावी तार सुरात आल्यावर आपण दोघंही काही न बोलता बसलो होतो. 'टक्' ऐकू येतोय का, याची वाट बघत.

तो आला नाही. तुम्ही अ‍ॅम्प्लिफायर चालू करायला सांगितलंत आणि मला वाटलं आता काहीतरी वाजव म्हणाल. तर तुम्ही बोटाच्या पेराने नेकवर टकटक करत, स्पीकरकडे कान देऊन, बुंध्यापासून सांध्यापर्यंत गेलात आणि सांधा ओलांडून पुढे. "एकच आवाज आहे," म्हणालात, आणि चहा टाकायला उठलात. मी काय वाजवतो ते तुम्ही आजवर ऐकलेलं नाही.

आभार मानायला वर्ष लावलं, त्याबद्दल माफ करा. खरं तर वर्षभर सांधा टिकतो की नाही हे बघूनच लिहायचं, असं मनाशी ठरवलं होतं. तुमच्याबरोबर चार दिवस काढल्यावर तेवढं तरी शिकलोय. फोनवर तुम्ही 'कसा आहेस' विचारायच्या आधी 'रेघ?' विचारता, आणि मी 'सरळ' म्हणतो. आजही सरळच आहे. फक्त हाताच्या घामाने पुसट होत चालली आहे. नवीन ओढायची, की आता नको, ते काही मी माझ्या मनाने ठरवणार नाही. सवड झाली की येऊन बघून जा.

तुमचा,
पॉलिश पेपरवाला