बॅटरीशिवाय सौर योजना अर्धीच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खानदेशात घरोघरी सौर पॅनेल चढत आहेत, याचा आनंद आहे. पण दिवसा तयार झालेली वीज रात्रीसाठी ठेवण्याची सोय क्वचितच कुठे दिसते, आणि आमची खरी अडचण तीच आहे.

वैशाखात वळवाचे वादळ सुटले की रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागा आडव्या होतात. तारांवर झाडे पडतात आणि गावेच्या गावे अंधारात जातात. छपरावर पॅनेल असलेले घरही त्यातून सुटत नाही. बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात आणि महावितरणच्या तारांत सोडणारे यंत्र) लाइट गेली की आपोआप बंद होतो. ते योग्यच आहे, नाहीतर पॅनेलची वीज बंद तारांत उलटी जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. पण दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले तरी तार जोडेपर्यंत घरातला पंखा फिरत नाही. आमच्याकडे पॅनेल बसवून देणाऱ्याने याबद्दल अवाक्षरही काढले नव्हते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळते, तेही पॅनेलच्या क्षमतेवर. बॅटरीसाठी त्यात वेगळी तरतूद नाही.

बॅटरी घेणाऱ्यांनीही इथले ऊन लक्षात घ्यावे. भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांवर जातो. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांना धरून सांगितलेले असते; त्यापुढे दर दहा अंशांना ते साधारण निम्म्यावर येते. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी लवकर बसते ती यामुळे. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग पडते, पण हजारो वेळा चार्ज होते. सावली आणि खेळती हवा मात्र तिलाही लागते.

साठवण म्हणजे फक्त बॅटरी, असेही नाही. सौरपंपावर दिवसा शेततळे भरून ठेवले तर पिकाला पाणी हवे तेव्हा देता येते. केळीच्या शीतगृहांना तर बर्फ फार उपयोगी पडेल. एक टन बर्फ वितळताना सुमारे ९३ युनिट इतकी उष्णता शोषतो. दुपारच्या स्वस्त विजेवर बर्फ गोठवायचा आणि त्याच्या गार पाण्यावर रात्रभर खोली थंड ठेवायची. केळीला १३-१४ अंश पुरतात, त्याहून फार गार झाले तर साल काळी पडते. म्हणून गार पाणी किती सोडायचे यावर नियंत्रण हवे. हे काम अवघड नाही. आपल्या भागातल्या शीतगृहवाल्यांनी ते करून पाहावेच.

शासनाकडे मागणी एकच. शेतीला दिवसा सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतले प्रकल्प वीज उपकेंद्रांना जोडलेले आहेत, म्हणजे जागा आणि तारा तयारच आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या प्रत्येक तालुक्यात निदान एका उपकेंद्रावर बॅटरी बसवावी, आणि ज्या वीजवाहिनीवर (फीडरवर) प्राथमिक आरोग्य केंद्र व गावची पाणीपुरवठा योजना आहे, तिथून सुरुवात करावी.

आपला,
एक केळी उत्पादक, यावल तालुका (जि. जळगाव)