गंगेचा रंग आणि गोधडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घट बसायला थोडेच दिवस राहिलेत, घरोघरी अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघालीयत आणि त्याच झपाट्यात कपाटंही रिकामी होतायत. परवा आमच्या गल्लीत बोहारीण आली होती, एका स्टीलच्या डब्यापायी चार सुती साड्या गेल्या, त्यातली एक तर वापरून वापरून इतकी मऊ झालेली की मला हातातून सोडवेना. म्हणून हे पत्र. सुती साड्या अशा देऊन टाकू नका हो, त्यांची गोधडी शिवून घ्या, आणि ती नुसती चौकोनाला चौकोन जोडलेली नको, तुम्ही फिरून जे बघून आलात ते तिच्यात उतरू द्या.

मी बारा-तेरा वर्षं गोधड्या शिवतेय, आजीकडून शिकले. साड्यांचे चार-पाच थर जमिनीवर ताणून अंथरायचे, कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं आणि शेवटी मधोमध एक छोटा तुकडा लावायचा. त्याला ती घास म्हणायची, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. तो घास मी अजून लावते. बाकी मात्र बदललं ते एका डिसेंबरात पहाटे नांदूर मधमेश्वरला गेलो तेव्हापासून. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे जगाच्या दृष्टीने महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, आपल्या निफाड तालुक्यात आहे आणि नाशकातल्या किती जणांनी बघितलंय कुणास ठाऊक. धुकं होतं, त्यातून जांभळी पाणकोंबडी बाहेर आली, लाल चोच, अंगावर निळा-जांभळा रंग असा की फोटोत तो येतच नाही. घरी आल्यावर मी सगळ्या जुन्या साड्या काढून बसले आणि तो रंग शोधत राहिले. शेवटी आईच्या जुन्या येवल्याच्या पैठणीच्या तुकड्यात सापडला, लावला, आणि पहिल्या धुण्यात तिथली गोधडी चुणली, कारण रेशीम आणि सुती एकसारखं आटत नाही. तेव्हापासून गोधडीत फक्त सुती, तेही आधी धुऊन वाळवलेलं. तुम्हीही हे पाळा, खूप मेहनत वाचते.

मग कच्छचं रण बघून आले आणि त्याची गोधडी केली, पांढऱ्या मलमलवर पांढराच दोरा, मिठाला पडतात तशा भेगा नुसत्या टाक्यांनी. त्याच ट्रिपमध्ये भुजजवळच्या अजरखपूरला गेलो होतो. 2001 च्या भूकंपानंतर धमडका या जुन्या गावच्या पाण्यात लोह वाढलं, अजरख छपाईचे रंग नीट येईनात, म्हणून तिथल्या कारागिरांनी हे नवं गाव वसवलं. पाण्यासाठी गाव हलवलं, हे ऐकून मला आपल्या गंगेची, म्हणजे गोदावरीची, आठवण आली आणि परत आल्यावर नदीतल्या दुतोंड्या मारुतीची गोधडी घेतली करायला. नाशिककरांना सांगायला नको, पूर किती आला हे आपण मारुतीवरूनच मोजतो, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. 2019 च्या ऑगस्टमधला पूर डोळ्यासमोर ठेवून मी पाण्याच्या टाक्यांच्या ओळी खालून वर चढवत नेल्या, छान निळ्या कापडावर.

पंचवटीत एक मावशी आहेत, लोकांच्या गोधड्या शिवून घर चालवतात. त्या बघायला आल्या, हात फिरवला आणि म्हणाल्या, "ताई, पुरात गंगा निळी असती का?" मी गप्पच. आयुष्य काठावर गेलं माझं आणि पाणी म्हटलं की हात निळ्याकडे गेला. सगळं उसवलं. मावशींनी स्वतःच्या गाठोड्यातून मातकट रंगाचं एक धोतर काढून दिलं, चहात बुडवल्यासारखं, तो खरा पुराचा रंग.

मला वाईट याचं वाटतं की ज्या बाईची नजर इतकी आहे तिला आपण फक्त म्हणतो, या साड्या घ्या आणि जोडून द्या, वरून पैशाची घासाघीस, "घरच्याच तर साड्या आहेत, शिवायचे एवढे कसे?" अहो, डबल बेडची एक गोधडी हाताने शिवायला मला रोज संध्याकाळी बसून दीड-दोन महिने लागतात, पाठ आणि बोटं दोन्ही जातात. तिला तिच्या टाक्यांचे पैसे द्या आणि तिच्याशी बोला, कुठे गेला होतात, काय पाहिलं, अंजनेरीवर सप्टेंबरात सोनकी कशी पिवळी पसरली होती ते सांगा, मोबाईलवरचा फोटो दाखवा, ती कापडात काय काढते ते बघा तरी एकदा.

तुमच्या नवरात्राच्या पुरवणीत वाचकांच्या गोधड्यांचे फोटो छापाल का? खाली शिवणाऱ्या बाईचं नाव हवंच, तिला चालत असेल तर.

मावशींचं माहेर पेठकडचं. आता त्यांना स्वतःसाठी एक करायचीय, आयुष्यात पहिल्यांदा, भाताची खाचरं आणि वर उतारावर नागली. हिरव्या सुती साड्या कमी पडतायत, चार-पाच तरी वेगवेगळे हिरवे पाहिजेत म्हणतात. मी ओळखीच्यांकडे फिरून गोळा करतेय, दोन मिळाल्यात.

आपली,
एक वाचक, पंचवटी, नाशिक