पक्ष्यांसाठी पाणी ठेवता ते बरंच, पण ते भांडं घासता का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च लागला की पेपरात पक्ष्यांसाठी पाणी ठेवा म्हणून आवाहन येतं, २० तारखेला जागतिक चिमणी दिवस असतो त्यामुळे त्या आठवड्यात तर मातीची भांडी वाटल्याचे फोटो रोजच असतात. चांगलंच आहे ते. आमच्या नागपुरात आज गच्चीवर, बाल्कनीत, सोसायटीच्या गेटजवळ कुठे ना कुठे परळ ठेवलेलं दिसतं त्यात या बातम्यांचा मोठा वाटा आहे, आणि पारा ४५ च्या वर गेला की त्या वाटीभर पाण्यावर किती जीव तगतात ते आम्ही रोज बघतो. पण या बातम्यांत एक गोष्ट मला जवळजवळ कधीच वाचायला मिळाली नाही, की ते भांडं रोज घासायचं असतं. नुसतं भरायचं नाही, घासायचं. एवढ्यासाठीच हे पत्र लिहितेय.

मी सकाळी ज्या बागेत फिरायला जाते तिथे सिमेंटचं एक छान गोल कुंड आहे, खास पक्ष्यांसाठी बांधलेलं. माळीदादा रोज पाईपने त्यात वरून पाणी सोडतात, ते वाहून बाहेर गेलं की झालं काम. परवा जवळ जाऊन नीट पाहिलं तर तळाला हिरवट काळी साय, काठाला बोट लावलं तर बुळबुळीत, एका बाजूला कबुतरांच्या विष्ठेचा पांढरा थर, आणि मधोमध फुगून लगदा झालेला पोळीचा तुकडा. कावळे हे हमखास करतात, वाळलेली पोळी, ब्रेड, कधी कोंबडीचं हाडसुद्धा आणून पाण्यात भिजवतात आणि मऊ झालं की खातात, अर्धं तिथेच सोडून जातात. त्याच पाण्यात दोन साळुंक्या आंघोळ करत होत्या आणि एक बुलबुल काठावर बसून पीत होता. यात माळीदादांना मी जराही दोष देत नाही, एवढी मोठी बाग त्यांच्या एकट्याच्या गळ्यात आहे आणि कुंड घासायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही, ब्रशही दिलेला नाही.

आता कोणी म्हणेल पक्षी काय डबक्यातलं पण पितात, त्यांना काय होतंय. तर होतं. मोकळ्या रानात पक्षी विखुरलेले असतात, आपण ठेवलेल्या एका भांड्यावर मात्र कबुतरं, होले, चिमण्या, साळुंक्या, कावळे सगळे दिवसभर येऊन चोची बुडवतात आणि तिथेच विष्ठा टाकतात, म्हणजे एक आजारी असला की बाकीच्यांना लागण व्हायची सोयच आपण करून ठेवतो. कबुतरं आणि होल्यांमध्ये ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचा आजार असतो, घशात पिवळसर चीजसारखा थर वाढतो, पक्ष्याला गिळता येत नाही, तो पिसं फुलवून चोच उघडी टाकून बसून राहतो आणि अन्नपाणी समोर असून मरतो. हा लाळेतून पाण्यात उतरतो आणि पाण्यातून दुसऱ्याच्या चोचीत जातो. ब्रिटनमध्ये २००५ च्या सुमारास हाच आजार ग्रीनफिंच नावाच्या बागेतल्या छोट्या पक्ष्यात शिरला, लोकांनी प्रेमाने ठेवलेल्या दाण्याच्या आणि पाण्याच्या भांड्यांवरून पसरला आणि तिथे या पक्ष्यांची संख्या इतकी घसरली की २०२१ मध्ये त्याला रेड लिस्टमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात जास्त धोक्यात असलेल्या पक्ष्यांच्या यादीत, टाकावं लागलं. तिथलेही लोक पक्षीप्रेमीच होते हो. साल्मोनेला नावाचा जिवाणूसुद्धा असाच विष्ठेतून पसरतो आणि तो तर माणसालाही होतो, म्हणून भांडं घासल्यावर आपले हात साबणाने धुवायचे आणि ते किचनच्या सिंकमध्ये कधीही घासायचं नाही.

दुसरी गोष्ट डेंग्यूची, आणि इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. पण तो अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवतो, आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, पुन्हा पाणी चढलं की त्यातून अळ्या बाहेर येतात. म्हणजे नुसतं पाणी ओतून नवीन भरलं तर अंडी जागच्या जागी, ती फक्त घासूनच निघतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत आठवडा दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा पाणी साठवायची भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा असं आरोग्य खातं दरवर्षी सांगतं ते याच हिशोबाने, पण आपण कूलर आणि पाण्याची टाकी बघतो, कुंड्यांखालच्या ताटल्या बघतो, पक्ष्यांचं भांडं पुण्याचं काम म्हणून त्यातून सुटतं. त्यातही खरा धोका जून जुलैमध्ये आहे. एप्रिलमध्ये हौसेने वाटलेली भांडी पाऊस आला की सगळे विसरतात, ती झाडाला, ग्रीलला तशीच लटकलेली असतात आणि पावसाने आपोआप भरत राहतात. पावसाळ्यात पक्ष्यांना पाणी सगळीकडे मिळतं, तेव्हा ज्यांना रोज घासणं जमणार नसेल त्यांनी भांडं सरळ पालथं घालून ठेवावं. गावाला जातानाही तेच. आणि डास होतात म्हणून त्या पाण्यात रॉकेलचा थेंब, तेल किंवा औषध टाकणारेही मी पाहिलेत, कृपा करून असं करू नका, ते पाणी कोणीतरी पिणार आहे, आणि तेल पिसांना लागलं तर पक्ष्याला नीट उडताही येत नाही.

घासायला फार काही लागत नाही. नारळाची शेंडी किंवा जुना ब्रश, तो फक्त याच कामाला ठेवायचा, जुनं पाणी कुंडीत ओतायचं, आतून आणि विशेषतः काठ चांगला खरवडून काढायचा, स्वच्छ पाण्याने विसळायचं आणि भरायचं, दोन तीन मिनिटांचं काम आहे. साबण किंवा भांड्याची पावडर शक्यतो नको कारण त्याचा अंश राहिला तर पिसांवरचं नैसर्गिक तेल जातं. शेवाळ फारच धरलं असेल तर एक भाग व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी घालून थोडा वेळ ठेवून घासावं, मग भरपूर पाण्याने धुवावं. माझ्या मते सगळ्यात उत्तम म्हणजे दोन भांडी ठेवणं. आज एक वापरात, दुसरं घासून दिवसभर कडक उन्हात पालथं, उद्या अदलाबदल. ट्रायकोमोनासला कोरडेपणा सोसत नाही, तो वाळला की मेला, आणि ऊन तर विदर्भात फुकट मिळतं. जवळपास आजारी किंवा मेलेला पक्षी दिसला तर मात्र पाणी निदान दोन आठवडे बंद ठेवावं म्हणजे पक्षी पांगतील, हे करताना जीवावर येतं पण करावं.

भांडं कसं घ्यायचं यावरही घासणं सोपं की कठीण ते ठरतं. पसरट, उथळ, मध्ये दोन इंचांपेक्षा खोल नको, कडेला त्याहून कमी, आतून किंचित खरबरीत म्हणजे पाय घसरत नाहीत, मध्ये एखादा दगड ठेवला की मधमाश्यासुद्धा बुडत नाहीत. तो दगडही घासायचा बरं का. तेलाचे डबे आणि कापलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या मला पटत नाहीत, हात आत जात नाही त्यामुळे घासलंच जात नाही आणि पक्ष्यांना त्यात आंघोळही करता येत नाही. सावलीत ठेवावं पण ज्या फांदीवर पक्षी रात्री बसतात तिच्या बरोबर खाली नको, नाहीतर सकाळी भांड्यात पाण्यापेक्षा विष्ठा जास्त. दाणे आणि पाणी एकाला एक लागून ठेवू नये, टरफलं पडून पाणी लवकर नासतं. मांजराला लपता येईल अशा दाट झुडपापासूनही ते थोडं लांबच बरं.

पाण्याची टंचाई असताना रोज ओतून द्यायचं म्हणजे नासाडी, हा आक्षेप आमच्या सोसायटीत निघाला होता आणि टँकरवर दिवस काढणाऱ्या भागात तो रास्तही आहे. पण परळात लिटरभरसुद्धा पाणी मावत नाही आणि ओतलेलं पाणी तुळशीला, झाडांना जातंच. भांडं मोठं असेल तर अर्धंच भरा, पण ताजं भरा.

तेव्हा संपादक महोदय, विनंती एवढीच आहे की पुढच्या मार्चमध्ये पाणी ठेवा अशी बातमी छापाल तेव्हा "रोज घासा" हे दोन शब्द मथळ्यातच येऊ द्या, आणि मृगाच्या पावसाआधी भांडी पालथी घाला म्हणून एक छोटी चौकट पुन्हा छापा. ज्या संस्था, मंडळं भांडी वाटतात त्यांनी प्रत्येक भांड्यासोबत एक काथ्याचा ब्रश द्यावा, दहा भांडी कमी वाटली तरी चालतील. आणि सार्वजनिक बागांमधली कुंडं रोज कोणी घासायची हे तिथल्या व्यवस्थापनाने एकदाचं नाव घेऊन ठरवून द्यावं. आमच्या बागेपुरतं आम्ही सकाळी फिरणाऱ्यांनी माळीदादांशी बोलून वार वाटून घ्यायचं ठरवलंय, माझ्याकडे मंगळवार आणि शनिवार आलेत.

आपली,
एक नियमित वाचक, नागपूर