गरोदरपणातील साखर नेहमीच ‘जात’ नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गरोदरपणात वाढलेली साखर बाळंतपणानंतर आपोआप उतरते, असे घरोघरी सांगितले जाते आणि बहुतेकींच्या बाबतीत ते खरेही ठरते. काही थोड्या स्त्रियांमध्ये मात्र शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटलेली असते आणि गरोदरपणात इन्सुलिनची गरज वाढली की ही तूट प्रथमच लक्षात येते. अशी स्त्री अनेकदा अंगाने बारीक असते, माहेरी कुणाला मधुमेह नसतो, थायरॉइडची गोळी मात्र कधीकधी चालू असते. ‘हिला कुठली साखर’ म्हणून घरचे निर्धास्त राहतात.

शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गर्भवतीला पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर मोजली जाते. साखर १४० किंवा त्याहून अधिक निघाली तर निदान होते, पण ती कशामुळे वाढली हे या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी प्रतिकारशक्तीच्या या हल्ल्याची खूण रक्तात शोधणारी गॅड अँटिबॉडीसारखी तपासणी लागते. ती सरसकट करावी, ही मागणी अवाजवी होईल. परंतु वजन कमी असूनही ज्यांना पथ्याने भागत नाही आणि लवकर इन्सुलिन सुरू करावे लागते, त्यांच्यासाठी तरी नागपूरच्या मेडिकल, मेयो आणि डागा या सरकारी रुग्णालयांत ती मोफत असावी.

खरी गळती पुढे होते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासायची असते. पण पहिलटकरीण माहेरी गेलेली असते, तिची फाईल नागपुरात आणि ती गोंदियाला. वजन उतरणे, सारखी तहान आणि थकवा यांचा दोष अंगावर पाजण्याला आणि जागरणाला दिला जातो (उपाय म्हणून डिंकाचे लाडू वाढतात, ते वेगळेच), आणि इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचून उलट्या व धाप सुरू झाल्यावर धावपळ होते, तेव्हा जिवावर बेतलेले असते. अँटिबॉडी आढळलेल्या स्त्रीची सहा आठवड्यांची तपासणी चांगली आली, तरी पुढेही दरवर्षी साखर पाहणे आवश्यक आहे.

बाळाची दीड महिन्याची लस सहसा कुणी चुकवत नाही. त्याच दिवशी, त्याच केंद्रावर आईचीही साखर तपासावी आणि सुटीच्या (डिस्चार्ज) कार्डावर ही तारीख, इन्सुलिनची मात्रा व वरील लक्षणे ठळक मराठीत छापावीत, अशी आरोग्य विभागास विनंती आहे.

– एक निवृत्त परिचारिका, मानेवाडा, नागपूर